ज्याची त्याची जागा

"याकोब आला का?" इंदुताईंनी विचारलं.

"आला, मावशी," जफर सतरंजी सरळ करत म्हणाला.

"मग त्याच्या जागेवरून आवाज काहून नाही?"

खिडकीखाली कोणीतरी खोकलं. इंदुताईंचा जीव भांड्यात पडला.

डोळे जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. कानही आता अर्धेच उरले होते. पण फुलसावंगीच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात त्यांना कोणाची ओळख विचारावी लागत नसे. ख्रिस्ती मंडळी कुठल्याही गावची असो, माणूस उपासनेतली आपली जागा सोडत नाही. याकोब खिडकीखाली, म्हातारा दाविद खांबाला टेकून, मार्था आणि तिची सून बायकांच्या बाजूला अगदी दाराशी, म्हणजे पोरगं रडलं की बाहेर नेता येतं. आवाज ज्या जागेवरून आला, तो त्या माणसाचा. इंदुताईंचं हे गणित सरळ होतं.

जफर मात्र मंडळीतला नव्हता. तो त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. दर रविवारी गॅरेज बंद ठेवून तो इंदुताईंना हाताला धरून आणायचा, घंटा वाजवायचा आणि उपासना संपेपर्यंत बसून राहायचा. शुक्रवारी तिकडं, रविवारी इकडं, दोन्हीकडं हजेरी लावतो लबाड, असं म्हणून त्या त्याला चिडवायच्या. तोही हसायचा.

हे प्रार्थनाघर इंदुताईंच्या नवऱ्यानं, शमुवेल मास्तरांनी उभं केलं होतं. विटा स्वतः डोक्यावर वाहिल्या. जाताना मास्तर एवढंच म्हणाले होते की, माझ्या आठवणीसाठी दगडबिगड उभा करू नको, दगडाले कोण पुसते, मंडळी सांभाळ. इंदुताईंनी ती सांभाळली. पुसदचा भाचा दरवर्षी न्यायला यायचा आणि दरवर्षी रिकाम्या हातानं परत जायचा. मंडळी सोडून मी कुठं येऊ, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. यवतमाळला नवे पाळकसाहेब आले, त्यांनाही फोनवर त्यांनी ठसक्यात सांगितलं होतं की आमच्याकडचं एकही घर हललं नाही.

आता मंडळीबद्दल त्यांच्या तक्रारी काही कमी नव्हत्या. गीत सुरू झालं की सगळे त्यांच्या मागं अर्धी ओळ. मिठाची गुळणी धरली का साऱ्यांनी, असं त्या भर उपासनेत विचारायच्या. स्तोत्र काढा म्हटलं की पानं नुसती फडफडत राहायची. तुमच्या बापानं घरी शास्त्र उघडलंच नाही वाटते, हेही ऐकवून व्हायचं. कोणी उलट बोलत नसे. पुढच्या रविवारी मात्र पान जरा लवकर सापडायचं.

डिसेंबर लागला. उपासना संपल्यावर इंदुताई जफरचा हात धरून एकेकाच्या जागेशी जायच्या आणि डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायच्या. त्या दिवशी खिडकीखाली हात ठेवला, तर बोटांना टोपी लागली.

"देवाच्या घरात टोपी? काढ."

"थंडी हाय, बाई," खालून उत्तर आलं. पण टोपी निघाली.

इंदुताई परत आपल्या जागेवर आल्या, पण बसल्या नाहीत. दोनेक आठवड्यांपासून त्यांच्या छातीत दुखत होतं आणि ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते आता सांगितलं. मरायची भीती नाही म्हणाल्या. मास्तर तिकडं वाटच पाहून राहिलेत. भीती दुसरीच होती.

"मी गेल्यावर रविवारची घंटा कोण वाजवीन?"

दाराशी बांगड्या वाजल्या. कोणीतरी नाक ओढलं.

"मी वाजवीन, मावशी," जफर म्हणाला.

"तू त वाजवशीनच रे. तुले नाही विचारलं. मी माह्या मंडळीले विचारून राह्यली."

इंदुताई कान देऊन उभ्या होत्या. नवऱ्यानं हाती दिलेलं जन्मभर जपलं, ते आता आपल्याबरोबरच मातीत जाणार की काय, या विचारानं त्यांना खाली बसवेना.

मग खांबाजवळून जाड, थकलेला आवाज आला. "वाजवू, बाई. आमी आहो ना."

खिडकीखालून आमेन आलं. दाराशीही आमेन म्हटलं गेलं. इंदुताई खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. त्या दिवशी घरी येऊन बऱ्याच दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

नाताळ यायच्या आधीच, झोपेत, त्या गेल्या.

यवतमाळचे पाळकसाहेब पहिल्यांदाच फुलसावंगीत आले. प्रार्थनाघर भरलेलं पाहून त्यांना बरं वाटलं. बाई फोनवर सांगायच्या ते खरंच म्हणायचं. पेटी उचलायच्या आधी ते म्हणाले, खांदा द्यायला मंडळीतल्या पुरुषांनी पुढं यावं. पुरुष उठले. ओळख असावी म्हणून साहेबांनी प्रत्येकाला नाव विचारलं.

"फिरोज," खिडकीखालून उठलेला म्हणाला.

"किसनराव," खांबाजवळच्या म्हाताऱ्यानं सांगितलं.

बायकांच्या बाजूला, अगदी दाराशी, जफरची बायको आरिफा पदरानं डोळे पुसत होती. तिच्या शेजारी किसनरावांची सून दिपाली मांडीवर पोरगं घेऊन बसली होती.

पाळकसाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "आणि बाईंची मंडळी?" त्यांनी विचारलं. "ती कुठं आहे?"

जफरनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मंडळीत एकल्या मावशीच उरल्या होत्या, साहेब. बाकीचे कामाधंद्यापायी कधीचेच गाव सोडून गेले. आमी फक्त त्यायच्या जागा धरून बसत होतो."