सकाळचा फोन

"ताई, हॉस्पिटलच्या चादरी आधी घेऊ की हॉटेलच्या?" चिमणीनं फोनवर विचारलं.

ताई पलंगावर आडव्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये. प्रश्न ऐकून त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली. इतकी वर्षं हाताखाली काम करून हिला एवढंही कळू नये? मग त्यांनी हॉस्पिटलच्या चादरींपासून सुरुवात करून साबणाच्या मापापर्यंत सगळं सांगितलं, फोन मशीनजवळ धरायला लावला आणि मशीनचा आवाज ऐकूनच ठेवला.

मालकांनी लाँड्री ताईंवर सोपवलेली होती. तिथं माणसं भरपूर आहेत, काम मात्र एकट्या ताईच करतात, असं इस्त्रीवाले मामा म्हणायचे. ते खोटं नव्हतं. एखाद्याला घड्या घालायला सांगायचं आणि त्याची पाठ वळली की त्याच घड्या मोडून पुन्हा घालायच्या, ही ताईंची पद्धत. ड्रायरची जाळी साफ करायला माणूस होता. त्याला ते नीट जमत नाही म्हणून ताई स्वतः स्टुलावर चढल्या आणि तिथूनच पडल्या.

घरी कुणी नव्हतं. यजमान गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून ताईंचं घर म्हणजे झोपायची जागा होती. आता तिथंच दिवस काढायचा होता. शेजारीण डबा ठेवून जायची, तो तसाच निवायचा. व्यायाम शिकवायला येणारी बाई समजावून समजावून थकली. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

आणि रोज सकाळी चिमणीचा फोन यायचा. आवाज बारीक म्हणून तिला हे नाव पडलेलं. कधी खळ घट्ट झालेली असायची, कधी टेबलक्लॉथवरचा डाग हटत नसायचा. ताई चिडायच्या, पण फोनच्या आधी केस विंचरून बसायला लागल्या.

प्लास्टर निघालं आणि वॉकर आला, तेव्हा चिमणीला नवीनच अडचण सुरू झाली. "ताई, आवाज तुटतोय. जरा खिडकीपाशी येता का?" ताई खुरडत खिडकीपाशी गेल्या. काही दिवसांनी तिथंही आवाज तुटायला लागला, मग गॅलरीत जावं लागलं. फोन कंपनीच्या नावानं बोटं मोडत ताई गॅलरीपर्यंत चालायच्या.

एकदा एका नाट्यगृहाचा मखमली पडदा धुवायला आला. चिमणीनं तो कसा धुवायचा ते विचारलं. सांगायला ताईंनी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. असा पडदा त्यांनीही कधी धुतला नव्हता.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

चिमणी म्हणाली, आधी एका कोपऱ्यावर गार पाणी लावून बघावं, रंग सुटला तर मशीनला लावूच नये.

"मग तसं कर. पडदा तुझा. काय झालं ते उद्या सांग."

तो दिवस ताईंना खायला उठला. अनेकदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी चिमणीनं सांगितलं, पडदा छान झाला, पण तो कोपरा फिका पडला. ताईंच्या ओठांवर आलं होतं बरंच काही. ते गिळून त्यांनी विचारलं, "आता काय करायचं म्हणतेस?" कोपरा आत दुमडून शिवायचा आणि गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचं, असं चिमणीनं आधीच ठरवलं होतं. ताईंना वेगळं काही सुचलं नसतं.

तेव्हापासून त्या उत्तरं द्यायच्या बंद झाल्या. काय हवं आणि कधी हवं एवढं सांगायच्या, कसं करायचं ते चिमणीवर सोडायच्या. हे इतकं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं का दमलो, असं त्यांना वाटायचं. भूक लागायला लागली. शेजारणीचा डबा संपायला लागला, एकदा तर त्यांनी तो परत देताना स्वतः केलेला शिरा घालून दिला.

कामावर परतायच्या दिवशी त्या काठी टेकत निघाल्या. वाटेत मनाशी घोकत होत्या. चिमणीला आपल्या खुर्चीत बसवायचं, आपण शेजारी स्टूल घ्यायचं, आणि सगळ्यांसमोर सांगायचं, आजपासून लाँड्री हिची.

ऑफिसात त्यांच्या खुर्चीत इस्त्रीवाले मामा बसले होते. ताईंना पाहून ते गडबडीनं उठले. बाहेर मशीन एका लयीत चालू होती, कुणी कुणाला ओरडत नव्हतं.

"चिमणी कुठं आहे?" ताईंनी विचारलं.

मामा चष्मा पुसत राहिले. मग हळूहळू सांगू लागले. मालकांनी दुसऱ्या गावात नवी लाँड्री काढली, ती चिमणीच्या हाती दिली. तुमचं प्लास्टर निघायच्या आधीच गेली ती. तुम्हाला कळलं तर तशाच पायानं धावत याल, म्हणून कुणी बोलायचं नाही असं बजावून गेली.

ताई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. "काल सकाळी तिचा फोन होता मला. इथल्याच कामाचं विचारत होती."

"रोज आधी मला लावते. इथं काय चाललंय ते विचारून घेते, मग तुम्हाला." मामांनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "जाताना तिनं आपली सगळी कामं आम्हाला वाटून दिली, ताई. तुम्हाला फोन करायचं काम मी मागितलं होतं. म्हणाली, तेवढं कुणाला देणार नाही."