खांबामागची जागा

करमाडहून आलेल्या मनकर्णाबाई तिकीटखिडकीचे गज सोडायला तयार नव्हत्या. संगीत नाटकाचा शहरात हा एकच प्रयोग, पहिली घंटा होऊन गेलेली, आणि पदराच्या गाठीतले पैसे बाल्कनीच्या तिकिटालाही पुरत नव्हते.

"भाऊ, पाया पडते. खांबामागची जागा द्या, पायरीवर बसवा. मला दिसलं नाय तरी चालंल."

"मावशी, बघायचंच नाही तर तिकीट कशाला?" खिडकीतला माणूस वैतागला.

"पुढं उभी ऱ्हाती ती बाई नुसती व्हट हलवती. पडद्याआडून गाती ती माझी लेक, रूपा. पोरीला एक पास मागायची बी चोरी हाय."

माणूस जरा विरघळला. "मग रडता कशाला? मागच्या दाराशी जाऊन बसा. मी सांगतो वॉचमनला. आतल्यापेक्षा तिथंच गाणं चांगलं ऐकू येतं, आणि तेही फुकट."

दुसरी घंटा झाली. मनकर्णाबाईंनी गाठ सोडून सगळे पैसे खिडकीतून आत लोटले, वर बोटातली चांदीची अंगठी काढून ठेवली.

"ऐकायला नाय आले, भाऊ. तिचं गाणं तं मी घरी लई ऐकलं. पण इथं गाणं संपलं की लोक वन्स मोअर देत्यात, अन् ती व्हट हलवणारी बाई हात जोडती. मला आत बसून, सगळ्यांच्या देखत एकदा वरडायचंय... वन्स मोअर, रूपा!"