कानांना सूट

मालवणच्या नाट्यगृहात लेकीने, अन्विताने, गाणं सुरू केलं आणि पहिल्या रांगेतल्या दिगंबर लोटलीकरांनी श्वास रोखला. त्यांच्या कानातलं यंत्र बोलणं ऐकवायचं, पण कॉपीराइट असलेलं गाणं लागलं की गप्प व्हायचं. यंत्राने ऐकणं म्हणजे गाण्याची नक्कल करणं, असं संगीत कंपन्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे अन्विता गायची तेव्हा ते इतरांकडे बघून टाळ्या वाजवत. यावरून संसदेत चाललेला वाद गेल्या आठवड्यात मिटला आणि अशा यंत्राच्या कानांना कॉपीराइटमधून सूट मिळाली.

आज सूर आले, ते शेवटपर्यंत थांबलेच नाहीत.

कार्यक्रम संपताच अन्विता धावत आली. "बाबा, कसं झालं?"

"दुसऱ्या कडव्यात घसरलीस गं."

आजवर त्यांनी फक्त "छान" म्हटलं होतं.

"म्हणजे ऐकलंत तुम्ही!" ती ओरडली, आणि त्यांचं मन एकदम हलकं झालं.