शेवटच्या खोक्याचं बाकडं

या बाकड्याला फळी जोडावी लागली नाही. ऑगस्टीननं रंधा खाली ठेवला आणि लाकडावरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध, कुठे सांधा नाही. दहा वर्षांत पहिल्यांदाच.

सांडोरच्या या अंगणात आंब्याखाली आधीची चार बाकडी होती. चारही परदेशी खोक्यांची. मुलगा फ्रेडरिक दुबईहून नाताळच्या आधी काहीबाही पाठवायचा, कधी टेपरेकॉर्डर, कधी मिक्सर, कधी पंखा. घरातली माणसं वस्तूभोवती गोळा व्हायची आणि ऑगस्टीन खोक्याभोवती. खिळे उपटायचे, दगडावर ठोकून सरळ करायचे, फळ्या एकमेकींना जोडायच्या, खाली मोडलेल्या रहाटाच्या खांबांचे तुकडे लावायचे. त्याच्या हातून लाकडाची ढलपीसुद्धा वाया जात नसे. ऑगस्टीनकडे गेलं की दुबईवर बसायला मिळतं, असं आळीतले लोक म्हणत, आणि त्यालाही ते आवडे.

पण ती खोकी आखूड. सुट्टीवर आलेला फ्रेडरिक जेवून बाकड्यावर आडवा झाला की गुडघ्यापासून पुढचं सगळं हवेत. "याचे पाय कुठंच मावत नाय," रोझलीन म्हणायची. पाळण्यात मावले नाहीत, खाटेवर मावले नाहीत. आईला त्याचं कौतुकच होतं.

आजचं लाकूड मात्र महिन्यापूर्वी फ्रेडरिकची शवपेटी ज्या खोक्यातून आली, त्याचं होतं. तिकडे बांधकामावर अपघात झाला, एवढंच कागदावर लिहिलेलं. पेटी पत्र्याची, कडा झाळून बंद केलेल्या, आणि उघडू नका असं बजावून सांगितलेलं. माणसांनी खोकं अंगणातच फोडलं, पेटी बाहेर काढली आणि उचलून चर्चकडे नेली. रोझलीन तेव्हा चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती बाहेर आली नाही, दफनालाही गेली नाही. डोळ्यांतून टिपूस नाही.

उद्या महिना पुरा होत होता. त्याच्या आत्म्यासाठी चर्चमधल्या मिस्सेचं काय, असं फादरांनी दोनदा विचारलं होतं. रोझलीनचं एकच उत्तर, "पेटीत कोन होतं, कोनी बघितलं?" आणि रोज सकाळी ती फ्रेडरिकची उशी उन्हात घालायची. तिनं हो म्हटल्याशिवाय मिस्सा सांगायला ऑगस्टीन धजत नव्हता. तिला समजावणार तरी काय? बघितलं तर त्यानंही नव्हतं. पोराचं तोंड न बघता त्यानं त्याच्यावर माती टाकली होती, आणि ते त्याला आतून खात होतं.

शेजारचा हिलरी सकाळीच कुंपणापाशी येऊन सांगून गेला, असलं लाकूड जाळतात, अंगणात मांडत नाहीत. ऑगस्टीनलाही ते कळत होतं. फळ्या गोठ्यामागे पडल्या होत्या, आणि काडेपेटी घेऊन तो दोनदा तिथे गेलाही होता. पण पेटवायला हात होईना, आणि नुसतं बसून राहणंही होईना. शेवटी त्याला जे येत होतं ते त्यानं केलं.

शेवटचा खिळा ठोकला तेव्हा उन्हं केळींच्या मागे उतरली होती. रोझलीन उशी उचलायला बाहेर आली आणि बाकडं बघून थांबली. कुठल्या लाकडाचं, हे तिला सांगावं लागलं नाही. आता ही कुऱ्हाड मागणार, असं वाटून ऑगस्टीन हातोडी धरून तसाच उभा राहिला.

ती पुढे आली. बाकड्याच्या एका टोकाशी वाकली आणि वितीनं मोजू लागली. फ्रेडरिक लहान असताना कपडे बेतायला ती त्याला भिंतीशी उभं करून असंच मोजायची. पुढे त्याचं डोकं दाराच्या चौकटीला टेकलं तरी सुट्टीवर आल्यावरचं तिचं मोजणं सुटलं नव्हतं. एक वीत, दुसरी वीत, ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत ती सरकत गेली. आठव्या वितीवर तिचा हात थांबला. तिथपर्यंत फ्रेडरिक. त्याच्यापुढे अजून वीतभर फळी उरली होती.

तिनं उशी आणून बाकड्याच्या पहिल्या टोकाला ठेवली आणि दुसऱ्या टोकाशी जमिनीवर बसली.

"उद्याची मिस्सा सांगून या," ती म्हणाली, आणि महिनाभर न आलेलं रडू तिला आलं. उरलेल्या वीतभर फळीवर ती हात फिरवत राहिली. पुढचं ती बोलली ते ऑगस्टीनला जेमतेम ऐकू आलं.

"पाय मुडपायला नाय लागले त्याला."