चौथी ओळ तुमची

"तो बघ, आजही आलाय," ओठ न हलवता झुल्मिरा म्हणाली.

चॅपलच्या पायरीवर बसून आदेरितो अकॉर्डियन पुसत होता. "कोण गं?"

"करड्या टोपीवाला. पहिल्या बाकावर, वही घेऊन. विलारच्या जत्रेत होता, सोउतेलोच्याही होता."

"माझा चाहता असेल. तुझ्या आवाजासाठी काही कोणी एवढी पायपीट करणार नाही."

तिला हसू आलं नाही. अकरा वर्षं ही नवरा-बायको उत्तर पोर्तुगालच्या मिन्यो भागातल्या जत्रांमधून नांगर, डुकरं, सासवा अशी गाणी गात होती. जागच्या जागी कडवं रचायचं आणि एकमेकांची उणीदुणी काढायची. या उन्हाळ्यात आदेरितोनं नवीनच खूळ काढलं. मक्याच्या कडव्याच्या तीन ओळी तो गायचा, चौथी गावाला म्हणायला लावायचा. विलारला ती लोहारानं म्हटली, सोउतेलोला एका विधवेनं. दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी ओळ म्हणणाऱ्याला पोलीस घेऊन गेले. दोघांचा अजून पत्ता नाही.

"आज मक्याचं नको. मला भीती वाटते," ती म्हणाली. "तुलाच नेलं तर?"

"तर सुटलीस की! घोरणं ऐकायला नको."

गाणं सुरू झालं. तिनं त्याला ओढून ओढून सासूवर आणलं, मग डुकरांवर. वाइनचे वाडगे घेतलेली माणसं पोट धरून हसत होती. टोपीवाला लिहीत होता.

आणि आदेरितोनं सूर बदललाच.

"मका पेरला कुणी? आम्ही.
मका खुडला कुणी? आम्ही.
कणसं गेली मालकाघरी—
चला मंडळी, चौथी ओळ तुमची!"

कोणी वाडग्यात बघितलं, कोणी जमिनीकडे. विलारची बातमी इथवर पोचली होती. झुल्मिराच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात टोपीवाला उठला. लाजून लाल झाला होता, पण खणखणीत गायला, "सालपटं चघळत बसलो आम्ही!"

काय बेरकी खबऱ्या, झुल्मिराला वाटलं. स्वतः गाऊन दुसऱ्यांना बोलतं करतोय. तिनं घाईघाईनं निरोपाचं कडवं उरकलं आणि नवऱ्याला ओढत चॅपलमागे नेलं.

"पळ. द्राक्षांच्या मळ्यातून नदीकडे जा. पोलीस आले तर मी त्यांना बोलण्यात गुंतवते."

"थांब जरा. घाई काय आहे?"

कोपऱ्यावर बूट वाजले. दोन शिपाई. झुल्मिरा हात पसरून नवऱ्याच्या पुढे उभी राहिली. "खुळा आहे हो तो. पोटासाठी गातो. मला न्या हवं तर."

शिपाई थांबले. त्यांच्यामध्ये टोपीवाला होता, हात बांधलेला, ओठ फुटलेला. एकानं त्याची वही तिच्या पायाशी भिरकावली. उघड्या पानावर तिचं सासूचं कडवं होतं, शब्द न शब्द, आणि खाली कौतुकानं लिहिलेलं तिचं नाव.

तिच्या पाठीमागून आदेरितो शिपायांना म्हणाला, "आज एवढा एकच. बाकी गाव मुकं निघालं."