गौर कोण आणणार

उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं. माझ्या बॅगेत डॉक्टरांचं पत्र. बाबांचं सोवळं. माझ्या बाहीखाली हिरव्या बांगड्या.

"आई, घरात लेक नाही म्हणून दरवर्षी शेजारच्या ओवीला बोलावतेस. या वर्षी गौर मी आणते. मी मुलगी आहे, आई."

"सणासुदीला असली थट्टा नको, शार्दूल."

मी बाही वर केली. आई बांगड्यांकडे बघत राहिली.

बाबा देवाकडे तोंड करूनच बोलले, "ओवीला हाक मार. आणि याला म्हणावं, गौरीसमोर उभं राहू नकोस."

ओवी आली. आईने तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं, तिला ओवाळलं. मी बाहेर जिन्यात चपला घालत होते.

माझ्या जन्माआधी आई मुलीसाठी गौरीला नवस बोलली होती.