वरच्या खोलीतलं मत

"जाते म्हणू नये गं. येते म्हणावं." वेणी घालता घालता आत्या सांगायची. "जाते म्हटलं की उंबरा हिरमुसतो."

आत्याचा तो शब्द इतक्या वर्षांनी तिच्या ओठांवर येऊन बसला होता. दिवसभर ती दारोदार तेच म्हणत होती. निवडणुकीचं पत्रक द्यायचं, हात जोडायचे, "येते हं" म्हणायचं, की पुढचं दार. त्या दिवशीही ती तसंच म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

"कधी?"

तिचा पाय पायरीवरच थांबला. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"येते म्हणालीस ना? मग कधी येतेस?" दारात म्हातारा न्हावी उभा होता. हात थरथरायला लागले तसं त्यानं दुकान सोडलं आणि या वरच्या एका खोलीत एकटाच राहायला आला.

"उद्या येते," ती गडबडून म्हणाली. "पण काका, मत आमच्या बाईंनाच हं."

"विचार करून सांगतो."

बाई म्हणजे तिच्या शाळेतल्या बाई. वॉर्डातून पहिल्यांदाच उभ्या होत्या. त्यांच्यासाठीच तिनं घरच्यांची बोलणी खाऊन पक्षाचा बिल्ला लावला होता. प्रचार सांभाळणाऱ्या दादानं बजावलं, "चुरस आहे. वरच्या खोलीत एक मत आहे. ते सोडायचं नाही."

तिनं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी गेली आणि पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून दाखवलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे पत्रकावर छापलंय. मला वाचता येतं. नळाला वरच्या मजल्यावर पाणी का चढत नाही, ते सांग."

तिला ठाऊक नव्हतं. ती पाण्याच्या टाकीवर गेली, व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला विचारून आली. मग काकांनी कोपऱ्यावरच्या बंद दिव्याचं काढलं. मग कचऱ्याच्या गाडीचं. ती जिना चढायची ती उत्तर घेऊन, उतरायची ती नवा प्रश्न घेऊन. हळूहळू पाठ केलेलं भाषण तिच्या तोंडून गळून गेलं. खालच्या बायका आता तिला थांबवून विचारू लागल्या, आणि तीही थांबू लागली.

काका चहा टाकायचे. कप तिच्या हातात येईपर्यंत बशीत निम्मा सांडलेला असायचा.

"सगळ्या पक्षांची डोकी माझ्या हाताखालून गेली," ते म्हणायचे. "आत काय आहे, ते एकाचंही दिसलं नाही."

"आणि माझ्या डोक्यात?"

"तुझ्यात अजून जागा आहे."

ती खळखळून हसायची. त्यांचं नाव तिनं कधी विचारलं नाही. काका म्हटल्यावर नाव विचारायचं राहूनच जातं.

"मग काका, ठरलं का?"

"विचार चाललाय."

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी तिनं सवयीनं "येते हं" म्हटलं. काकांनी मान वर केली. "मतदान झाल्यावरही?"

"झाल्यावरही."

मतदानाच्या सकाळी ती रिक्षा घेऊन त्यांना न्यायला गेली, तर दाराला कुलूप. प्रचार कार्यालयात ते ऐकून दादा खो खो हसला. "तुझे काका कधीच गेले दुसऱ्या रिक्षात बसून! समोरच्यांनी नेलं असणार. न्हावीच तो. बिनपाण्यानं केली तुझी!"

बाई हरल्या. थोडक्यात हरल्या. मंडपवाल्यानं खुर्च्या उचलल्या, झेंडे पोत्यात गेले, कार्यालयाचं शटर खाली आलं. घरी भावानं मेथीची जुडी तिच्यापुढे ठेवली.

"नेत्याबाई, निवडणूक झाली. आता भाजी निवडा."

आईनं ती जुडी फक्त स्वतःकडे ओढून घेतली.

त्या गल्लीतून जाणं तिनं टाळलं. लांबचा रस्ता धरला. दुखत होतं ते हरणं नव्हे. इतके दिवस एक माणूस तिला गोड बोलून खेळवत राहिला, ते दुखत होतं. पण आपण दिलेला शब्दही आत कुसळासारखा टोचत होता. मतं झाली की वाट विसरणाऱ्यांतली मीही एक, असं तिचं मन तिलाच म्हणे. शेवटी एका संध्याकाळी तिची पावलं वळली. ती जिना चढली. छातीवर बिल्ला नव्हता. ओठांवर भाषण नव्हतं.

काकांनी दार उघडलं. तिला पाहिलं. मग तिच्या मागे, रिकाम्या जिन्याकडे पाहिलं.

"हरलात ना?"

"हरलो."

"मग आता काय मागायला आलीस?"

"काही नाही. शब्द दिला होता."

काका आत वळले. स्टोव्हवर पातेलं ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. पाणी उकळू लागलं, उकळून आटू लागलं, तरी त्यात चहाची पावडर पडेना.

"पोरी," ते पातेल्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "विचारबिचार काही चालला नव्हता माझा. तुमच्या यादीतलं ते एक मत माझ्या आधीच्या भाडेकरूचं. माझं नाव अजून जुन्या दुकानाच्या गल्लीतल्या यादीत आहे. त्या सकाळी तिकडेच गेलो होतो, स्वतःच्या पैशानं रिक्षा करून."

ती दारातच उभी राहिली. काकांनी स्टोव्ह बारीक केला आणि तिच्याकडे वळले.

"पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण मग तू आली नसतीस."